जोड्यांची यादी

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की ठाऊक आहे, कारण घड्याळ तिच्या डोक्यामागेच होतं.

कॉलेज का सोडलं ते मी तावातावाने सांगत होतो. प्रयोगशाळेतल्या सरांशी भांडण, त्यांच्या टेबलावर भिरकावलेली जर्नल, बाबांनी धरलेला अबोला. सगळं ओकून झालं आणि गप्प झालो. म्हटलं, आता ही सुरू होणार. माफी माग, परत जा, वय काय तुझं! ताई तेच सांगते, भावजी तेच सांगतात, दूधवाल्यानेसुद्धा सांगून झालंय.

ती नुसती थांबली. मग हळूच म्हणाली, "आणि तुला काय हवंय?"

मला! हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

रडलो. अनोळखी बाईसमोर, ढसाढसा. तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तासभर एकदाही मागे वळून घड्याळ बघितलं नाही.

९ फेब्रुवारी

ताईने मला तिच्या या कोच संघटनेत ओढलं ते खुर्च्या मांडायला. घरात बसून डोकं खातो म्हणून. भावजी हसले — "कोचिंग? म्हणजे क्लासच ना? मग कॉलेजचं काय वाईट होतं?" तसं नाही हे. माणसाला सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचे, त्याचं त्याला सापडू द्यायचं. शिकाऊ कोचना परीक्षेआधी साठ तास सराव लागतो, आणि त्यांच्यासमोर बसायला माणसं लागतात. आम्ही ती माणसं. पगार कुणालाच नाही. सगळे आपापलं काम उरकून वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर येतात.

ती इमारतींचे नकाशे काढते. माझ्याहून पाचएक वर्षांनी मोठी. मला काही फरक पडत नाही.

२२ फेब्रुवारी

सरावाच्या जोड्या लावणारा औषधवाला कंटाळून गेला. समितीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, कुणी बोलायला तोंड उघडलं की आधी दात बघतात. ते म्हणाले, "कोण घेतंय ही डोकेदुखी?" आणि ती म्हणाली, "हा करेल. याला माणसं लक्षात राहतात."

मी स्वयंसेवक प्रमुख! कॉलेजात मला वर्गाबाहेर काढायचे.

नियम एकच — एक जोडी एक महिना. महिना संपला की समोरचं माणूस बदलायचं.

१ मार्च

यादी केली. नियमाने मी सिस्टरसमोर यायला हवा होतो. सिस्टर म्हणजे इस्पितळातल्या नर्स, त्याही शिकाऊ कोच, पन्नाशीच्या, पायाला कायम सूज. त्यांची संध्याकाळची ड्यूटी, त्यांना दुपारचं माणूस हवं, आणि दुपारी मोकळा असा मी एकटाच. बाकी सगळे नोकरीवाले.

त्यांच्यापुढे एका नोकरीवाल्याचं नाव लिहिलं. जमवेल कसंतरी. तिच्यापुढे पुन्हा माझं.

तिला सांगितलं, "माणसं कमी पडताहेत, अध्यक्षांनी चालेल म्हटलंय." ती म्हणाली, "बरं."

२ मार्च

फक्त हाच महिना.

१५ मार्च

आज मी तिला माझी भीती सांगितली. बाबा बोलायच्या आधीच मेले तर. हे मी या वहीतही कधी लिहिलं नव्हतं. ती पुढे झुकली. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली — माझ्यासाठी! एखाद्या माणसासाठी कपाळाला आठी उगीच पडत नाही.

जिना उतरताना लांबच्या खोलीत सिस्टर दिसल्या. एकट्या. समोर रिकामी खुर्ची. मला बघून म्हणाल्या, "येतच असेल रे. अडकला असेल बिचारा." मी मान हलवली आणि सटकलो.

५ एप्रिल

एप्रिलची यादी. पुन्हा तेच केलं. सवय लागते.

१९ एप्रिल

मला काही लिहायचं नाहीये.

लिहितो. सगळ्या सभासदांसमोर आज तिचं प्रात्यक्षिक होतं. समोर बेकरीवाला, बायको गेलेला माणूस. तो बोलला, बोलला, थांबला. ती थांबली. मग हळूच — "आणि तुम्हाला काय हवंय?"

तोच आवाज. तीच कपाळाची आठी! पाण्याचा ग्लाससुद्धा तसाच, दोन बोटांनी सरकवलेला. तो हुंदके देत होता आणि सगळे भारावले होते. मी मागे उभा होतो. एक खुर्ची लाथेने उडवली. लोकांना वाटलं, धक्का लागला.

घरी येताना ताई म्हणाली, "अरे वेड्या, शिकवतात ते त्यांना! मीही तसंच विचारते. तुला काय वाटलं?"

काय वाटलं ते हिला काय सांगू.

३ मे

मेची यादी. तिच्यापुढे माझंच नाव. प्रश्न सगळ्यांना तोच असेल, पण उत्तर देणारा मी एकच आहे ना? एवढं तर तिला कळत असेल!

२४ मे

परीक्षेचे अर्ज आले. सिस्टरांचा परत फिरला. साठ तास हवेत, भरले एक्केचाळीस. अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माणसं आलीच नाहीत हो. येतो म्हणायची आणि यायची नाहीत." मग माझ्याकडे वळून, "तू तोंड पाडू नकोस. तू काय करणार? पुढच्या वर्षी बसेन."

चहा तसाच ठेवून उठलो.

तिचे साठ पूर्ण झाले.

२५ मे

ताईने जोड्यांची वही उघडली. बोट एकेका महिन्यावर ठेवत गेली. "तू. तू. पुन्हा तूच." ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ओरडली नाही. "तिला ठाऊक आहे?"

"नाही. मी खोटं सांगितलंय तिला."

"मग जा, तोंडाने सांग. आणि मग समितीत सांग."

२७ मे

वाचनालयाच्या पायऱ्यांवर गाठलं तिला. यादीचं सांगितलं. मग का केलं तेही. सगळं. आवाज चढला माझा, पुस्तकं बदलायला आलेली माणसं थबकून बघायला लागली.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी माझ्याबद्दल तुला एक तरी गोष्ट सांगितली आहे का?"

आठवून बघितलं. तीन-चार महिने. तिला भाऊ-बहीण आहेत का, ठाऊक नाही. चहात साखर घेते का, ठाऊक नाही. नकाशे काढते — तेही मला ताईने सांगितलेलं.

"तुला मी आवडत नाही रे," ती म्हणाली, "तुला तुझं बोलणं कुणी ऐकलेलं आवडतं."

असेल. पण मग छातीत हे काय दुखतंय?

"समितीत सांगशील ना?" तिने विचारलं.

"सांगेन. तुझ्यावर काही येऊ देणार नाही."

ती काहीतरी बोलणार होती. बोलली नाही.

३१ मे, शनिवार

सांगितलं. उभा राहून. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे तीनदा सांगितलं. ती टेबलाकडे बघत होती.

मला वाटलं होतं सिस्टर रागावतील. त्या म्हणाल्या, "मी त्या खोलीत एकटी बसायचे ना, तेव्हा वाटायचं, आपल्यासमोर बसावं असं कुणाला वाटतच नाही. वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. तीन महिने हेच वाटत होतं मला."

मारलं असतं तरी चाललं असतं.

निर्णय असा: तिचा दोष नाही, तिचे तास धरायचे. सिस्टर पुढच्या वर्षी. माझा राजीनामा घेतला. अध्यक्ष म्हणाले, "सभासद म्हणून राहा. खुर्च्या मांडायला ये." चांगला माणूस आहे तो.

१ जून

दिवसभर आडवा. बाबा दारात येऊन उभे राहिले, मग गेले.

७ जून

जोड्यांची वही परत द्यायला गेलो. समितीची बैठक चालू होती. ती बाहेर, जिन्यापाशी माझीच वाट बघत होती. वाट बघत होती! मूर्ख मी, उरलेल्या पायऱ्या धावतच चढलो.

म्हणाली, "मार्चमध्येच सिस्टरना एकट्या बसलेल्या बघितलं होतं मी. दोनदा. तू माझ्यासमोर का आहेस ते तेव्हाच कळलं. माझे तास भरत होते. म्हणून बोलले नाही."

"फक्त तासांसाठी?"

ती गप्प राहिली. ती गप्प राहिली की मला कायम वाटायचं, ती ऐकतेय.

आत गेलो. वही टेबलावर ठेवली. सगळ्यांनी वर बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "काय रे, चेहरा असा का? काही सांगायचंय का?"

"नाही."

बाहेर आलो. दार लावून घेतलं.