कॉम्प्युटरची पत्रिका आणि लोणच्याची शिस्त

स्नेहलतागंज, इंदूर
२ नोव्हेंबर १९९३

तीर्थस्वरूप लीलामावशीस निवेदिताचा नमस्कार. देवासच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे, ते आधी कळव. मागच्या पत्रात मी ‘दुकानातले सगळे गेले’ असे लिहिले, ते चूक होते. गेले काहीच नव्हते, मी घाबरले होते. माझ्यासाठी उपास धरला असशील तर सोड.

मिल बंद पडल्यावर बाबांनी टायपिंगचे दुकान काढून कॉम्प्युटर घेतला, हे तू जाणतेसच. गेल्या महिन्यात त्यांचे मिलमधले दोस्त बाबूराव एक फुकटची फ्लॉपी घेऊन आले. तिच्यात म्हणे पत्रिका मांडणारा प्रोग्राम. “भिया, एक बार डालके तो देखो.” मी नको म्हटले. पण बाबांना दुकानाचे भविष्य हवे होते, चालेल की मिलसारखे होईल, एवढेच. म्हणून कॉम्प्युटरचीच पत्रिका मांडली. जन्मस्थळ इंदूर, जन्मवेळ उद्घाटनाचा मुहूर्त. (वडिलांचे नाव विचारल्यावर बाबांनी स्वतःचे दिले, तेव्हा मी त्याची बहीण झाले.) दोन-चार घरे उमटली आणि पडद्यावर इंग्रजीत आले की सगळ्या फायलींना कुलूप लागले आहे, किल्ली हवी तर अमुक परदेशी पोस्टपेटीवर डॉलर पाठवा. बाबूराव म्हणाले, “साडेसाती दिसते.”

आत कॉलेजातल्या सुलोचनाबाईंचा प्रबंध होता, दिवाळीआधी द्यायचा. तो गेला असता तर पुन्हा आमच्याकडे काम कोण देणार? बाबा सरळ माणूस, पलासियाच्या एका बँकेत डॉलर मागायला गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारले, “कारण बताइये. पढ़ाई, इलाज, व्यापार?” बाबांनी खरे ते सांगितले, खंडणी. फॉर्मवर तो रकाना नव्हता. “बाबूजी, ऊपर पूछना पड़ेगा,” म्हणून त्यांना चहा पाजून परत पाठवले.

तेव्हा मी माझा फ्लॉप्यांचा डबा काढला. तुला ठाऊक आहे, आईच्या लोणच्याच्या दोन बरण्या. छोटी रोजची, तिच्यात कुणीही चमचा घालावा. मोठी वर, आठवड्यातून एकदा एकाच माणसाने कोरड्या हाताने उघडायची, आणि बाहेर काढलेले तिच्यात परत टाकायचे नाही. दुकानात माझे तसेच आहे. दर शनिवारी कामाच्या नकला मोठ्या डब्यातल्या फ्लॉप्यांवर, त्यांची खाच चिकटपट्टीने बंद, म्हणजे त्यांच्यावर चुकून काही लिहिले जात नाही, आणि बाहेरची फ्लॉपी त्यांच्या आसपास नाही. (बाबा याला माझे सोवळे म्हणत आणि हसत.) कॉम्प्युटर पार पुसला आणि डब्यातून पुन्हा भरला. प्रबंधाचा शेवटचा अध्याय तेवढा नव्याने टाइप केला. सुलोचनाबाईंना मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “शेवट आता जास्त बरा वाटतो.”

बाबांनी दारावर पाटी लावली आहे, ‘बाहर की फ्लॉपी मना है’. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच ते सांगतात, “हमारी बिटिया का नियम है.” आई कॉम्प्युटरला हात लावत नाही, पण शेजारी सांगते की तो तिच्या लोणच्यावर चालतो. मी खोडून काढत नाही.

तुझी,
निवेदिता

ता. क. दोन्ही बरण्या एकाच फडताळात आहेत, हे मला परवा सुचले आणि झोप गेली. फडताळच पडले तर? माझा डबाही कॉम्प्युटरशेजारीच असतो. फ्लॉप्यांचा एक संच तुझ्याकडे ठेवशील का? रेडिओजवळ नको, त्यातल्या चुंबकाने फ्लॉप्या पुसल्या जातात. देव्हाऱ्यात ठेवलास तरी हळदकुंकू वाहू नकोस.

पुन्हा ता. क. बाबूराव आत्ताच आले. पत्रिकेतले धंद्याचे घर उमटायचे राहिले, ते एकदाच पाहू, असे बाबा त्यांना हळूच सांगत आहेत. पाटी दोघांच्या डोक्यावरच आहे. डबा मी मांडीवर घेतला आहे. रविवारी, ७ नोव्हेंबरला, सकाळच्या पहिल्या बसने तो घेऊन येते.