प्रेअरीची फळी

सर, आज तुमची फळी भिंतीवरून खाली उतरवली. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून संग्रहालयातल्या सगळ्या पाट्या नव्यानं करायचं निघालंय. आपल्या कॉलेजच्या त्या लांबट खोलीत मातीचे उभे छेद लाकडी चौकटीत चिकटवून टांगलेले होते ना, ते अजून तसेच आहेत. कोपरगावची खोल काळी, राजूरकडची तांबूस डोंगरउताराची, पारनेरची वीतभर खोलीची बरड. आपण त्यांना नुसतं 'फळ्या' म्हणायचो. प्रत्येकीखाली 'जिल्हा अहमदनगर' होतं, तिथं आता 'अहिल्यानगर' येणार. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या निवृत्तीला वर्ष राहिलं. ही भिंत तुमच्याइतकी कोणाला माहीत नाही. मजकूर तुम्हीच तपासा आणि खाली सही करा." बाकीच्या पाट्या तासाभरात झाल्या. तुमच्या फळीत तर जिल्ह्याचा उल्लेखच नाही, तिथं बदलायचं काहीच नव्हतं. 'प्रेअरी गवताळ प्रदेशातील खोल पोयट्याची माती. लोएसवर तयार झालेली. वर्ग: मॉलिसॉल.' एवढ्या तीन ओळी, आणि त्यांच्याखाली सही करायला माझा हात धजेना. ती माती प्रेअरीची नाही, हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे. ती कशी बदलली, हे तुम्हाला कधीच कळलं नाही.

तुम्ही परदेशात वर्षभर शिकून आलात तेव्हा लोकांनी टेपरेकॉर्डर आणले असते, तुम्ही लाकडी खोक्यात माती आणलीत. काकू सांगायच्या, "ह्यांच्या खोक्यासाठी बंदरावर दोन दिवस खेटे घातले आम्ही, आणि उघडलं तर आत काय, चिखल!" खड्ड्यात उतरून, सुरीनं चौकोन कापून, डिंकानं फळीवर चिकटवून आणलेली कंबरभर उंचीची माती. ती शिकवताना तुमचा आवाज बदलायचा. वरचा थर काळसर, मऊ, रव्यासारखा दाणेदार, कारण हजारो वर्षं गवताची मुळं तिथंच कुजली. मध्ये तपकिरी, जरा चिकण. तळाला पिवळसर लोएस. आणि चुना फक्त तळाशी, कारण वरचा सगळा पावसानं धुऊन खाली नेलेला. "आपली काळी पाहा," तुम्ही म्हणायचात, "वरपासून खालपर्यंत चुना. आम्लाचा थेंब टाका, सोडा वॉटरसारखी फसफसते. या फळीच्या वरच्या थरावर टाका, ढिम्म. एवढ्या एका थेंबावर वर्ग बदलतो." एकदा सावेडीला तुमच्या स्वयंपाकघरात मी विचारलं, "सर, वाऱ्यानं माती वाहून येते म्हणजे नेमकं काय?" तर तुम्ही काकूंच्या परातीतल्या पिठावर फुंकर मारलीत. जाड कण परातीत राहिले आणि बारीक पीठ ओट्यावर, माझ्या ओढणीवर, खिडकीच्या गजांवर जाऊन बसलं. "हा लोएस," तुम्ही म्हणालात. काकू म्हणाल्या, "लोएस आता तुम्हीच पुसा." आणि तुम्ही खरंच फडकं घेतलंत.

माझ्याशी तुम्ही कडक वागायचात. वर्गात मी एकटी मुलगी आणि त्यातून झेंडीगेटच्या मुसलमान घरातली, म्हणून बाकीचे सर मला खड्ड्यात उतरू देत नसत, वरूनच लिहून घे म्हणायचे. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, "वर उभं राहून माती कळत असती तर मीही छत्री घेऊन उभा राहिलो असतो. उतर." एप्रिलच्या उन्हात नेवाशाकडे खड्डे घेत होतो, रमजान चालू होता आणि माझा रोजा होता. तुम्ही दर तासाला लिंबामागे जाऊन का उभे राहता, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही पाणी माझ्यासमोर पीत नव्हतात. पण त्याच आठवड्यात माझी नोंदवही तुम्ही सगळ्यांसमोर परत फेकलीत. "हा रंग कुठं वाचलास?" मी म्हणाले, झाडाखाली, माती जुळवून बघायचं रंगांचं पुस्तक उघडून. "मग तू मातीचा नाही, सावलीचा रंग लिहिलास. आणि कोरड्याच मातीचा. ओली करून कोण बघणार, तुझे अब्बा?" पोरं हसली. त्या एका रंगासाठी तुम्ही मला दुसऱ्या दिवशी एसटीनं परत नेवाशाला धाडलंत. मी गेले, ढेकूळ उन्हात धरलं, पाणी शिंपडलं, रंग वाचला आणि डोळे पुसत परत आले. घरी अम्मीनं विचारलं तर धूळ गेली म्हणून सांगितलं.

एम.एस्सी. झाल्यावर तुम्हीच मला प्रयोगशाळेत घेतलंत. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत भिंतीला रंग द्यायचा होता. जाताना तुम्ही बजावलंत, "सगळ्या फळ्या उतरव, माझी तेवढी राहू दे. तिच्याभोवती हातानं रंग लावून घेऊ." मला वाटलं, या फळीच्या ओल्या रंगाची नोंद कुठंच नाही, ती आपण करून ठेवावी आणि सरांना दाखवावी. उन्हात वाचलेली, पाणी शिंपडून वाचलेली, एकदम तुमच्या पद्धतीनं. मी फळी अंगणात आणली, भिंतीला टेकवून उभी केली आणि पाणी शिंपडलं. एकदा शिंपडलं तर पुरे होतं. मी तीनदा शिंपडलं. जुना डिंक सुटला, आणि ओल्या भिंतीचा पोपडा यावा तशी सबंध माती एकदम घसरून फरशीवर आली. काळी, तपकिरी, पिवळी, सगळी एकात एक. मी तिथंच बसले. वर काय आणि खाली काय, काही म्हणता काही वेगळं करता येत नव्हतं.

तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही ओरडला असतात. महिनाभर बोलला नसतात. एवढंच. पण मला नेवाशाची एसटी आठवली, पोरांचं हसणं आठवलं, आणि मी ती माती सुपात भरून मागच्या कर्दळीत टाकून आले. मग मी जे केलं ते तुम्ही शिकवलेल्या कसबानं केलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. प्रयोगशाळेत प्रवरेकाठच्या पोयट्याचं पोतं होतं. ते वस्त्रगाळ केलं. वरच्या थरासाठी आपली काळी, तिच्यात माळ्याकडचं जुनं कुजलेलं खत आणि थोडा पोयटा. रंगांचं पुस्तक उघडून, उन्हात धरून, ओलं आणि कोरडं दोन्ही करून मी एकेक थर जुळवला. तीन दिवस लागले. नवीन डिंक लावला. तिसऱ्या दिवशी आपला शिपाई झाडू घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, अंगनात लई काळी माती पडली हुती, म्या झाडून घेतली. कुठली हुती वो ती?" मी म्हणाले, "चपलेला लागून आली असेल." तो म्हणाला, "चपलेची येवडी?" आणि निघून गेला. सुट्टी संपवून तुम्ही आलात, फळीसमोर उभे राहिलात, मान तिरकी केलीत आणि म्हणालात, "पुसलीस वाटतं. रंग छान उघडलाय." मी हातातली परीक्षानळी धुवायला घेतली.

पण मातीनं आपला स्वभाव सोडला नाही. मार्च लागला तशी वरच्या थराला भेग पडली, मग दुसरी. रव्यासारख्या दाणेदार मातीला अशा भेगा पडत नाहीत, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तुम्हाला मातीचा संशय आला नाही, कारण ती तुम्ही स्वतः कापली होती. तुम्ही वर्गाला कौतुकानं सांगायला लागलात, "बघा, नगरच्या उन्हाळ्यापुढं परदेशी पाहुणीसुद्धा तडकली." मी मागे उभी राहून हसायचे. आणि मग कॉलेजच्या तपासणीला बाहेरून एक मृदाशास्त्रज्ञ आले. तुम्ही त्यांना पहिल्यांदा तुमच्याच फळीकडे नेलंत. त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली, पुन्हा चोळली आणि माझ्याकडे आम्लाची बाटली मागितली. मी दिली. वरच्या थरावर एक थेंब पडला आणि फसफसला. "सर," ते अदबीनं म्हणाले, "ही तिकडची नाही. ही तुमच्याच नदीकाठची दिसते." तुम्ही म्हणालात, "मी स्वतः खड्ड्यात उतरून कापलीय." ते हसले. "असेल की. इतक्या वर्षांत अदलाबदल होते कधी कधी." खोलीत सगळे प्राध्यापक होते. तुम्ही थेंबाकडे बघत राहिलात, बाटली स्वतः घेतलीत, आणखी एक थेंब टाकलात. तोही फसफसला. मी तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, "मग अदलाबदल माझ्याकडूनच झाली असणार."

त्या संध्याकाळी तुम्ही पात्यानं त्या पाटीवरचं स्वतःचं नाव खरवडून काढलंत; बाकीच्या ओळी बदलायचं कोणी मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी वर्गीकरणाचे तास मला दिलेत. "तू घे. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही. लिहिलेलं आठवत नाही, कापलेलं आठवत नाही." मी घेतले, सर. बढतीसारखे घेतले. त्यानंतर तुम्ही खड्ड्यातली प्रत्येक नोंद दोनदा लिहायला लागलात, मग दुसऱ्याकडून तपासून घ्यायला लागलात. ज्या माणसाच्या बोटांवर सबंध जिल्ह्यानं विश्वास ठेवला, तो नव्या पोरांना विचारायचा, "ही चिकण वाटते ना रे? बघ बरं." मी ते ऐकायचे. तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं, संपलं. संपलं कसलं! काकू अजून सावेडीच्या त्याच घरात आहेत, ईदला मी शीरखुर्मा घेऊन जाते. मागच्या खेपेला म्हणाल्या, "ह्यांचं विसरणं त्या फळीपासून सुरू झालं गं. त्याआधी यांच्यासारखी आठवण कोणाची नव्हती." माझ्या हातात त्यांनी दिलेला चहा होता. मी तो प्यायले आणि म्हणाले, "वयाचं असतं, काकू." तुमची आठवण शेवटपर्यंत शाबूत होती, हे जगात एका माणसाला माहीत आहे आणि ते माणूस चहा पीत बसलं होतं.

पाटीचं काय केलं ते सांगते. दुसऱ्या ओळीनंतर 'स्थानिक मातीपासून केलेली प्रतिकृती' एवढं वाढवलं. कोणी केली, का केली, मूळ माती कुठं गेली, काही नाही. प्राचार्य म्हणाले, "अरे वा, हे माहीत नव्हतं. केली कोणी?" मी म्हणाले, "जुनी आहे." आणि सही केली. पस्तीस वर्षांत माझी मजल 'चपलेची' पासून 'जुनी आहे' पर्यंत गेली, बस्स. हे पत्र काकूंना वाचून दाखवावं, असं लिहायला बसताना ठरवलं होतं. नव्वदीच्या बाईला कशाला त्रास, असं आता मनात येतंय, आणि हे कारण किती सोयीचं आहे तेही कळतंय. उद्या काकूंकडे गेले तरी मी हे नेणार नाही, मला माझं माहीत आहे.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी मी भीतीनं गप्प बसले. भीती होती, पण ती नंतर आली. थेंब फसफसला आणि सगळ्यांसमोर तुम्हाला कोणीतरी चूक ठरवलं, तेव्हा आधी, अगदी एक क्षण, मला बरं वाटलं होतं.