ती नागीण नव्हती

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठीक आहोत. तुमच्या नातीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती दिसेल त्याला हसून दाखवत सुटली आहे. फोनवर तुमच्या दुखण्याचा विषय काढला की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं, म्हणून लिहायला बसले. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांचं बाइंडिंग केलंत, लेकीचा एवढा कागद वाचालच.

नागीण झाली म्हणून तुम्ही गल्लीभर सांगितलंत. लोक भेटायला आले, कुठे झाली विचारू लागले, तेव्हा म्हणे कमरेवर हात ठेवलात. शेजारच्या शिंप्याने लेपही आणून दिला. मी आले तेव्हा तुम्ही खुर्चीच्या कडेला टेकत होतात आणि लघवीहून आलात की भिंत धरून उभे राहत होतात. नागीण सहसा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. तुमचे फोड कुठे आहेत हे सांगायला तुम्हाला दोन कप चहा लागला. मी लॅबमध्ये दिवसभर असल्याच दुखण्यांचे नमुने हाताळते, पण बापाच्या तोंडून ऐकताना माझेही कान तापले, खोटं कशाला बोलू.

तुम्हाला लगेच आमच्या इस्पितळात नेलं त्याला कारण होतं. फोड ओला असतानाच कापसाच्या काडीवर नमुना घेतला तर नीट कळतं, खपली धरली की हाती फारसं लागत नाही. नमुना माझ्या सहकाऱ्याने घेतला, मी दाराबाहेर थांबले. डॉक्टरबाईंनी सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त, गनोरिया आणि क्लॅमिडियासाठी लघवी मागितली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मीच चुगली केली. अहो, एकाबरोबर दुसरं असू शकतं, आणि क्लॅमिडियाचा तर कित्येकांना पत्ताही लागत नाही. सिफिलिसचा फोड बहुधा दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, हर्पिसची आग आग होते. तरी नुसतं बघून छातीठोक सांगता येत नाही, म्हणूनच तपासायचं. तुमचं हर्पिस निघालं, नागिणीचं नव्हे, संबंधातून लागणारं; बाकी काही निघालं नाही. रक्त मात्र बाईंनी सांगितलंय तेव्हा पुन्हा द्यायचं आहे, तिथे टाळाटाळ नको.

घरी येताना तुम्ही म्हणालात, या वयात तोंड काळं झालं. ते माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा, हे दुखणं अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतं. कोणाकडून कोणाला आणि कधी, हे कुठलीच चाचणी सांगत नाही, मग तुम्ही कशाला न्याय करत बसता? पुन्हा उठेलही, पण औषध आहे आणि पुढे पुढे जोर सहसा कमी होतो. फोड असताना जवळीक नको, एरवीही कंडोम वापरलेला बरा. लेकीने लिहिलं म्हणून लाजू नका, मीही लाजतच लिहिलंय.

वाचनालयातल्या काकूंचं मला ठाऊक होतं. फाटक्या पुस्तकांच्या गठ्ठ्यासोबत त्या स्वतः दुकानात येऊ लागल्या आणि तुमची दाढी रोजच्या रोज होऊ लागली, एवढं न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. आईची जागा आठवून सुरुवातीला बोचलं, पण तुम्हाला पुन्हा शीळ घालताना ऐकलं तेव्हा ते बोचणं बोथट झालं. बरंच वाटलं मला.

आता खरं कारण. परवा काकू माझ्याकडे आल्या होत्या. बस म्हटलं तर बसल्या नाहीत. दारातच म्हणाल्या, "तुला चालत नाही असं ते म्हणाले. मी नाही येणार दुकानात. पण एवढं सांग, माझं काय चुकलं?" स्वतःची भीती झाकायला तुम्ही माझ्या नावावर बिल फाडलंत, आणि त्या बाईंनी ते खरं मानून मान खाली घातली. तुमचं दुखणं मी त्यांना सांगितलं नाही, ते माझं काम नाही. पण त्यांनाही डॉक्टरबाईंना भेटायला हवं, आणि हे तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगणार? ऐकून त्या कदाचित उठून जातील, तो त्यांचा हक्क आहे. निदान मी नको म्हटलं म्हणून तरी जायला नकोत. मी मनाई केलेली नाही बाबा, कधीच केली नव्हती. आधी तेवढं त्यांना सांगा.

रागावलेली, पण तुमचीच,
धाकटी