चार वाजून दहा मिनिटांची ओळ

३ फेब्रुवारी

“वाकडं दिसलं की लगेच सरळ करायला धावू नकोस, कुणीतरी मुद्दाम वाकडं ठेवलेलं असतं,” असं दादा मला म्हणाला होता. मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्याच्या रेडिओची तार ओढून मी नीट केली होती आणि रेडिओ कायमचा गप्प झाला होता. आज त्याच्या घरात पाऊल टाकताना ते आठवलं आणि हसू आलं. दादाला जाऊन सात महिने झाले. वहिनींनी दारातच माझ्या हातातली बॅग घेतली. म्हणाल्या, नणंद आली म्हणजे सासुरवास आला, पण तू धाकटी, तेव्हा अर्धाच.

दहा दिवस राहायचं आणि चौदाला नोकरीवर हजर व्हायचं. आईच्या अंथरुणापाशी बारा वर्षं गेली. आता त्रेचाळिसाव्या वर्षी माझी पहिली नोकरी, वाचनालयातली, शिवाय राहायला स्वतंत्र खोली. नेमणुकीचं पत्र मी दिवसातून दोनदा उघडून वाचते. वहिनी म्हणाल्या, पाठ झालं असेल तर म्हणून दाखव.

त्यांचं माझ्याकडे एकच काम आहे. टीव्हीखाली दादाने स्वतः जोडलेला लिनक्सवरचा कॉम्प्युटर आहे. गाणी, सिनेमे, रेडिओचं रेकॉर्डिंग, सगळं त्याच्यावर. दादा तासन्‌तास त्याच्यापुढे बसायचा म्हणून वहिनी त्याला ‘सवत’ म्हणतात. सवतीची दुखणी तीन: नेटवर्क तुटतं, चित्राच्या कडा कापल्या जातात, चारचा रेडिओ कार्यक्रम रेकॉर्ड होत नाही.

४ फेब्रुवारी

दोन दुखणी बरी केली. वहिनींचा फोन आणि सवत, दोघांना नेटवर्कवर एकच पत्ता मिळत होता. एकाच पाटावर दोघी बसल्यासारखं. सवतीला कायमचा वेगळा पत्ता दिला. कडा टीव्हीच्याच एका सेटिंगमुळे कापल्या जात होत्या.

पडद्यांच्या यादीत मात्र दोन चौकोन दिसले. एक टीव्हीचा, आणि त्याच्या उजवीकडे दुसरा, बिननावाचा, बंद. घरात दुसरा पडदा नाही. मागे दुसरी तारही नाही. कॉम्प्युटरला कधीकधी भास होतात, असं मी वहिनींना सांगितलं. म्हणाल्या, मालकावर गेलाय.

५ फेब्रुवारी

वेळापत्रकाची फाइल उघडली. कुठलं काम किती वाजता आपोआप करायचं, याची ही यादी. दादाने प्रत्येक ओळीपाशी टीप लिहिली आहे. रेडिओच्या ओळीत वेळ चुकली होती, ती सुधारली. शेवटच्या ओळीला मात्र टीप नव्हती: रोज चार वाजून दहा मिनिटांनी दुसरा पडदा सुरू करायचा. तिच्यानंतर एंटर दाबलेलं नव्हतं. या यंत्राचा हट्ट असा की ओळ संपवून एंटर दाबलं नसेल, तर ती ओळ त्याच्या लेखी नाहीच. म्हणजे ती कधीच चालली नव्हती. नसलेला पडदा सुरू करून काय बिघडणार? घाईत राहून गेलं असेल दादाचं, असं वाटलं. एंटर दाबून फाइल जतन केली.

शेजारी वहिनी विणत होत्या. क्षणभर त्यांच्या सुया थांबल्या.

६ फेब्रुवारी

चार दहाला टीव्ही लुकलुकला. माउसचा बाण उजव्या कडेतून बाहेर गेला तो परत येईना. पलीकडे काय आहे ते पाहायला अख्ख्या पडद्याचा फोटो घेतला. एकाच बटणाचं काम आहे, वहिनींनाही शिकवलं. फोटो दुप्पट रुंद आला. डाव्या अर्ध्यात गाण्यांची यादी. उजव्या अर्ध्यात हा हॉल.

टीव्हीच्या भिंतीवरून पाहिल्यासारखा. सोफा, दोन खुर्च्या, टेबल, टेबलावर माझा निळा कप. आम्ही दोघी मात्र त्यात नाही. भिंतीवर कॅमेरा शोधला. नाही. वळून पाहिलं तर टेबलावर कप नव्हता.

७ फेब्रुवारी

सकाळी ती ओळ पुसून टाकली. दुपारी पाहिलं तर जागच्या जागी, एंटरसकट. चार दहाला माझी बॅग गेली. फोटोत ती सोफ्याजवळ दिसते. मी तिथे हात फिरवून पाहिला. नुसती फरशी.

वायर उपसून ठेवली. मी अंघोळीला गेले तेवढ्यात वहिनींनी परत लावली. गाण्यांवाचून घर खायला उठतं म्हणाल्या.

८ फेब्रुवारी

निदान ते एंटर काढावं म्हणून बसले. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला आणि आजवर मी टाकत होते तोच नाकारला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, मी बदलून घेतला, दुकानातल्या माणसाला फोन केला होता. सवतीच्या किल्ल्या आता माझ्याकडे असू देत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती ओळ कुणी लिहिली ते दादालाही ठाऊक नव्हतं. आधी मांजर गेलं, मग त्याची हत्यारांची पेटी. पुसली तर ओळ परत येई, म्हणून त्याने फक्त तिचं शेपूट, ते शेवटचं एंटर, तोडलं. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू हात लावला असतास का, धाकटे? कशाला हवी ती नोकरी? इथे काय कमी आहे?

चार दहाला पत्र गेलं.

९ फेब्रुवारी

निघाले. बॅगेशिवाय, पत्राशिवाय. वहिनींनी अडवलं नाही. संध्याकाळी काय करू जेवायला, एवढंच विचारलं.

बसथांब्यावर बसून लिहितेय. साडेतीनची बस अजून आलेली नाही. चार वाजून आठ. रस्त्याच्या टोकाला बस दिसतेय — आली — पायरीवर पाय ठेवला की

तारीख माहीत नाही

हॉल. सोफा, खुर्च्या, माझी बॅग, निळा कप. खुर्चीखाली मांजर, जिवंत, माझ्याकडे बघत नाही.

टीव्ही होता ती भिंत कोरी. दार — फोटोची कड दाराच्या अलीकडेच संपत होती. तिथे नुसती भिंत आहे. हाताने ठोकली, दादाच्या पेटीतल्या हातोडीने ठोकली. आवाजच येत नाही.

घड्याळात चार दहा. उन्हाचा पट्टा हलत नाही.

पहिला कप

टेबलावर चहा आला. गरम, साखर कमी, मला लागते तशी. म्हणजे वहिनींना माहीत आहे. रोज फोटो घेत असतील. टीव्ही होता त्या भिंतीसमोर वहीचं पान धरलं: ‘मला बाहेर काढा.’

चौथा कप

कपांवरून दिवस मोजते. आज चौदा की तेरा? वाचनालयात कुणी माझी वाट — नको.

सहावा

चहा नाही. विणकामाची पिशवी आली.

सातवा

वहिनींची उशी. त्यांचं रोजचं सामान. त्या इकडे यायला निघाल्यात — माझ्याजवळ राहायला — आणि त्या आल्या की बाहेर पासवर्ड माहीत असलेलं कुणी —

आठवा

त्यांचा चष्मा. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर लागत नाही. तरी मोठं लिहितेय, पान भरून, त्या भिंतीसमोर धरायला —

वहिनी, येऊ नका. तुम्ही ऐकणार नाही, माहीत आहे मला. तरी एकदाच. पडद्यांच्या यादीत जा, उजवीकडचा चौकोन बंद करा. बंद केला की त्याच्यावरचं सगळं पहिल्या पडद्यावर परत येतं. मग मी जाणार नाही. नोकरी सोडते. तुमच्यापाशी राहीन, फक्त दार असलेल्या घरात. वहिनी, आधी तो चौकोन