डावीकडची जागा

ता. ३ जून

चि. ढब्बूस, ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, रडगाणंच ते. नवी नक्षी सुचत नाही, मोठे साहेब रोज टेबलाशी येऊन घसा खाकरतात, आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फरशीवर अजून तुझी जुनीच फुलं. वाचून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं. चिऊ कॉलेजात गेली, पण तिचा बाप अजून गृहपाठ राहिलेल्या मुलासारखा तोंड पाडून बसतो!

चित्रकलेच्या तासाला जन्मभर मुलांना जे सांगितलं तेच तुला सांगते. सुचायची वाट बघू नकोस. रोज सकाळी चहा होईपर्यंत समोर दिसेल ते काढ. कप, चप्पल, खिडकी, काहीही. चांगलं काढायचं नाही, नुसतं काढायचं. खोडरबर वहिनीच्या ताब्यात दे. रोज बघायची सवय लागली की डोळे जागे होतात आणि मग हात आपोआप चालतो. काढलेले कागद मला पाठवत जा. निवृत्त झाले तरी लाल पेन अजून वाळलेलं नाही.

वेळ नाही ही सबब सोडून बाकी काहीही कळव. तुझ्यावर जीव आहे हे वेगळं लिहायला नकोच.

तुझी
ताई

ता. २० जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली. एक सकाळ चुकवलेली नाही. पहिले कागद कावळ्यानं चोच पुसल्यासारखे दिसतात, त्यावर लाल पेन चालवू नकोस, पेनाचा अपमान होईल. पण पुढचे बघ. हात सुटलाय. पूर्वी एक रेघ ओढायला दहा वेळा विचार करायचो, आता पेन्सिल टेकली की चित्र संपलेलंच असतं. चिऊ म्हणते की बाबा, तुम्ही काढता कमी आणि हसता जास्त.

हिची कुरकुर चालू आहे. ताटात अर्धी भाजी तशीच ठेवून मी वर आणखी मागतो म्हणे. चित्रकार विसरभोळेच असतात असं मी सांगितलं, तर तिनं ताट गर्रकन फिरवलं आणि उरलेली भाजी माझ्यासमोर आणली. आता जेवतानाही परीक्षा!

तुझं लक्ष आमच्याकडे असंच राहू दे.

तुझा
ढब्बू

ता. २९ जून

चि. ढब्बूस, अ. उ. आ.

कागद पाहिले. रेघेत जोर आलाय, शाबास. पण दोन तक्रारी आहेत. खिडकीला एकच दार का? दुसरं काय सुताराकडे दिलंय? चपलांच्या जोडातली डावी चप्पलही गायब. वस्तू कागदाच्या मध्यावर ठेवून पूर्ण काढ, शाळेत हे पहिल्या तासाला शिकवतात. आणि पत्र लिहिताना डावीकडे एवढी मोकळी जागा का सोडलीस? तू तर समासातसुद्धा आडवं लिहिणारा चिक्कू माणूस. कागद फुकट मिळायला लागले का?

पुढच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ काढून पाठव. गोल पूर्ण हवा, आकडे सगळे हवेत.

डोकं दुखतं असं वहिनी मागे फोनवर म्हणाली होती. चष्म्याचा नंबर तपासून घे. हसण्यावारी नेऊ नकोस.

तुझी
ताई

ता. १६ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बातमी ऐक आणि खुर्ची घट्ट धर. माझी नक्षी मंजूर झाली! वेल आहे, उजव्या कडेला दाट, आणि डावीकडे विरत विरत नाहीशी होणारी. मोठे साहेब बघून म्हणाले की इतक्या वर्षांत इतकं धाडसाचं काम पाहिलं नाही. मला त्यात धाडस कुठं आहे ते कळलं नाही. मी आपली दिसली तशी वेल काढली. पण साहेबांना कशाला सांगा?

तुझ्या चपला-खिडक्यांच्या तक्रारी काही मला पटल्या नाहीत. खिडकी आणि चपला पुन्हा काढून पाहिल्या, सगळं जागच्या जागी आहे. तूच चष्मा बदल.

परवा अर्धीच दाढी करून कारखान्यात गेलो. दिवसभर सगळे गालातल्या गालात हसत होते, आणि मला वाटलं नक्षीचं कौतुक चाललंय. काल स्कूटर फाटकाच्या खांबाला घासली. डावा आरसा गेला. मागे चिऊ होती, तिच्या गुडघ्याला खरचटलंय, बाकी काही नाही. तो खांब इतका पुढे कधी आला कोण जाणे. चिऊ रडली ते मात्र मनाला लागलं.

घड्याळ सोबत पाठवतोय. पैकीच्या पैकी गुण हवेत.

तुझा
ढब्बू

ता. २१ जुलै

चि. सौ. वहिनीस, अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. त्याच्या हाती पडू देऊ नकोस. फोन केला तर तोच उचलतो, म्हणून लिहिते आहे.

त्यानं पाठवलेलं घड्याळ माझ्यासमोर आहे. बारापासून सहापर्यंतचे आकडे व्यवस्थित, वळणदार. पुढे काहीच नाही. गोलसुद्धा अर्ध्यातच थांबलाय. आधी मला ती त्याची खोडी वाटली. मग त्याचे सगळे कागद तारखांप्रमाणे जमिनीवर मांडले. डावीकडची जागा कागदागणिक रुंदावत गेलीय. मी मूर्खासारखी रचना सुधार म्हणून लिहीत बसले.

हे चित्रकलेच्या बाईचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. आजच स्कूटरची किल्ली लपव. चिऊला त्याच्या मागे बसू देऊ नकोस, त्याला राग आला तरी चालेल.

तो सहज ऐकणार नाही. एवढ्याशा डोकेदुखीला दवाखाना कशाला, असं म्हणेल. तेव्हा एक कर. मुलांना स्वतःच्या चुका दिसत नसल्या की मी चित्र उलटं, खाली डोकं वर पाय असं धरायला लावायची. त्याला तुझं चित्र काढायला सांग, आणि झालं की कागद तसाच उलटा फिरवून त्याच्यासमोर धर. कदाचित दिसेल त्याला. उत्तराची वाट बघते. घाबरू नकोस असं लिहायला हात धजत नाही.

तुझी
वन्सं

ता. २८ जुलै

ती. वन्संना, शि. सा. न.

किल्ली आधीच लपवली होती. तुम्ही लिहायच्या आधीच मनात शंका होती, पण ती शंका तोंडातून काढायची भीती वाटत होती.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर बसले. भराभर काढलं त्यांनी, शीळ घालत. कागद माझ्याकडे दिला तेव्हा त्यावर माझा एक डोळा, अर्धं नाक आणि एक कान होता. हुबेहूब होता हो. त्यानंच जास्त कसंतरी झालं. पूर्ण झालं का, असं विचारलं, तर म्हणाले की झालं, अगदी तुझ्यासारखं झालं.

मग मी कागद फिरवून खाली डोकं वर पाय असा त्यांच्यासमोर ठेवला, काढलेली बाजू आता त्यांच्या डावीकडे आली. मला वाटलं होतं राहिलेली जागा त्यांना दिसेल.  पण ते म्हणाले की हा कोरा कागद कशाला देतेस, चित्र कुठंय? मी कागद सरळ केला. चित्र होतं. पुन्हा उलटा केला. ते म्हणाले, गेलं. वन्सं, असं चार-पाच वेळा झालं. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझा हात धरला. हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. म्हणाले की मला घेऊन चल.

दुसऱ्याच दिवशी तपासणी झाली. मेंदूत उजव्या बाजूला गाठ आहे, म्हणून डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नाही. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर त्यांना फारसं काही करता आलं नसतं. आत्ताही किती करता येईल ते उघडल्यावरच कळेल. चिऊला सगळं सांगितलं. ती रात्रभर त्यांच्या खोलीच्या दाराशी बसून होती.

लवकर निघा. मला एकटीनं हे उचलवत नाही.

आपली
वहिनी

ता. १२ नोव्हेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू परत गेल्यापासून घर गप्प आहे. हे पत्र फार हळूहळू लिहितोय, तेव्हा गुण देताना हात सैल सोड.

काल डॉक्टरांकडे गेलो होतो. गाठ बरीचशी निघाली, पण मुळाशी थोडी राहिलीय. तिला हात लावणं धोक्याचं आहे. ती वाढते का, हे बघत राहायचं. कधी वाढेल, असं मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघू लागले, तेव्हा मीच विषय बदलला. हिला सगळं कळलं, पण रिक्षात बसल्यावर ती कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिली.

चित्र रोज काढतो. नक्षी सुचावी म्हणून नव्हे, ते खूळ गेलं. चिऊ कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारून देते. आधी ती रेघ शोधायची, ती सापडेपर्यंत पेन्सिल टेकवायची नाही. काही सकाळी पटकन सापडते. काही सकाळी मान वळवत राहतो, वळवत राहतो, आणि रेघ नसतेच. तेव्हा चिऊचा श्वास थांबलेला मला ऐकू येतो.

आज गॅलरीत बसून समोरचं झाड काढलं. रेघ सापडली, झाडही पूर्ण झालं. दाखवावं म्हणून हिला हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग आठवण झाली आणि मान वळवली, आणखी वळवली. ही माझ्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसली होती. केव्हा आलीस, असं विचारलं, तर म्हणाली की सकाळपासून इथेच आहे.

तिला झाड दाखवलं आणि तुला लिहायला बसलो. थंडी ओसरली की ये. जमलं तर त्याआधीच ये.

तुझा
ढब्बू