नऊ गोल खाल्ल्यावर सुचलेला धीर

आदरणीय भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (अगदी आठही अंगांनी, पाठ धरल्यामुळे मी गेले काही दिवस सतरंजीवर पालथाच आहे.) तुमची तब्येत कशी आहे? फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकपदावरून सुटल्यापासून तुम्हाला झोप गाढ लागते, असं बाहेरून कळलं. आनंद वाटला. तुम्ही फोन उचलत नाही आणि ताई दार उघडत नाही, म्हणून हा कागदाचा मार्ग.

झालं गेलं उगाळू नये, पण मुद्दाच तो असल्याने उगाळतो. तुमच्या हाताखाली संघ सलग सात सामने हरला, तेव्हा समितीत सगळ्यात मोठा घसा कोणाचा होता हे तुम्हाला ठाऊक आहे. "सडका दात उपटलेला बरा," असं मी म्हणालो, आणि आमचे अध्यक्ष पडले दातांचे डॉक्टर. त्यांना ते तिथल्या तिथे पटलं. तुम्हाला काढलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं कळतंय तर आता तुम्हीच बघा." चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने नाही म्हणायला हवं होतं. पण गळ्यात शिट्टी पडली की मान आपोआप ताठ होते (आणि नंतर लचकते, तो भाग वेगळा).

आल्या आल्या मी शिस्त आणली. तुम्ही रेषेवर उभं राहून नव्वद मिनिटं गोलकीपरच्या नावाने बोंबलायचात, ते मला फार अडाणीपणाचं वाटायचं. मी फर्मान काढलं, की बाहेरून कोणी तोंड उघडायचं नाही. आता तो गोलकीपर बेकरीत पहाटेपासून भट्टीपुढे उभा असतो, हे मला कोणी सांगायचं? माझ्या पहिल्याच सामन्यात, विसाव्या मिनिटाला तो गोलच्या खांबाला टेकला. चेंडू शेजारून आत गेला तरी घोरणं थांबेना. तुम्ही शिव्या देत नव्हतात, त्याला जागं ठेवत होतात, हे माझ्या डोक्यात चौथ्या गोलनंतर शिरलं. मग मीही ओरडलो. पण माझ्या आवाजाची त्याला सवय नाही. तो दचकून उठला आणि पाचवा गोल त्याने स्वतःच आत ढकलला. मध्यंतरात, चेंडू डोक्याने कसा मारावा हे दाखवायला मी उडी मारली. तीच ही पाठ. शेवट नऊ-शून्य. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "अरे, जुना दात परत बसवा!"

काल समितीची बैठक झाली. मला दोघांनी धरून नेलं. बाकावर आडवं पडून मी धीर या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. मुळं धरली का हे बघायला रोप रोज उपटू नये, वगैरे. अध्यक्षांनी शांतपणे इतिवृत्ताची वही काढली आणि माझं जुनं भाषण मलाच वाचून दाखवलं. भाऊजी, भाषण चांगलं होतं. दोनदा टाळी वाजवावीशी वाटली. पण त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तुम्ही ते सगळं ऐकलंत, मग उठून शिट्टी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "दोरी काचते, खाली रुमाल बांध." हे वहीत नव्हतं. ते मलाच आठवलं.

शेवटी एकमताने ठराव झाला, की यापुढे प्रशिक्षकाला पूर्ण तीन वर्षं द्यायची. "यापुढे" म्हणजे माझ्या पुढच्यापासून.

तुमचा एकुलता एक मेहुणा
(बदलून मिळत नाही)

ता. क. : त्या ठरावात नवा प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव आहे. सुचवणारा मी. ठराव सोबत जोडलाय, सही करून शनिवारच्या आत पाठवा. रविवारी सामना आहे आणि तोवर प्रशिक्षक मीच आहे.

आणखी एक : मी माफी मागितली, असं ताईला सांगा. कुठे मागितली असं तिने विचारलं, तर पत्र दाखवू नका.

आणि शेवटचं : ठरावाच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ आहे. सलग तीन सामने हरल्यास तीन वर्षं पूर्ण झाली असं समजावं. ती मीच घालायला लावली. रागावू नका, जित्याची खोड.