संध्याकाळची भाकरी

वारणानगर
५ डिसेंबर २०२४

ती. आईस,
जय जिनेंद्र. शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून बोलायचं नाही, म्हणून लिहिते. गल्लीत ज्येष्ठांची तपासणी झाली, त्यात तुझं वजन घटलेलं निघालं. पोटरी टेपनं मोजली तर तीही बारीक. नर्सबाईंनी कुपोषणाचा धोका सांगितला, असं अनेकांतदादा म्हणाला. आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी घरात?

खरं सांग, पद्मजावहिनी तुला नीट वाढते ना? ती कागलच्या एमआयडीसीतनं येते दिवेलागण उलटल्यावर, आणि तुझा तर सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम. दिवाळीत तुझं झंपर खांद्यावरून उतरत होतं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हे पत्र तिला दाखवू नकोस. हाल होत असतील तर मी येऊन तुला इकडं घेऊन येते.

माया आहे तशीच असू दे.
तुझी,
ऐश्वर्या

कोल्हापूर
१० डिसेंबर २०२४

सौ. ऐश्वर्यावन्संना,
सा. न. वि. वि.

आईंना मोतीबिंदूमुळे आताशा वाचता येत नाही. तुमचं पत्र त्यांना मीच वाचून दाखवलं. ‘तिला दाखवू नकोस’ हेसुद्धा वाचलं.

राग आला, खोटं कशाला सांगू. पण संशय मलाही होता, तो आईंवर. सकाळी मी दोन्ही वेळचं करून जाते. रात्री येऊन बघावं तर भाकरीचा डबा रिकामा, आणि विचारलं की त्या म्हणायच्या, जेवले की, पोट भरलंय. मग हे अंगाला का लागत नाही? काल अर्धी रजा टाकून उन्हं असतानाच घरी आले. आई दारात उभ्या राहून भाकरी गाईला घालत होत्या.

गार भाकरी त्यांना चाववत नाही. कुस्करायला आमटी गरम हवी, आणि एकदा गॅस उघडा राहिल्यापासून आपणच त्यांना शेगडीला हात लावू देत नाही. सांगितलं का नाही म्हटलं, तर म्हणाल्या, सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस, ते मला बघवलं नसतं. मला रडू आवरेना.

नियम मोडायला त्या तयार नाहीत. येत्या एक तारखेपासून मी नोकरी सोडते. तुम्ही मात्र त्यांना नेऊ नका.

मनात काही ठेवू नये, ही विनंती.
आपली,
पद्मजा

वारणानगर
१४ डिसेंबर २०२४

सौ. पद्मजावहिनीस,
सा. न. वि. वि.

तोंड दाखवायला जागा नाही, तरी लिहिते. नोकरी सोडू नकोस.

मी तुझ्यावर संशय घेतला, तू आईवर. आईनं तर त्या नर्सबाईलाच विचारलं म्हणे, पावणं, तुम्हाला धाडलं कुणी? दादाचं दुकान पलीकडच्या गल्लीत आहे. रोज पाचला तो घरी येतो, थर्मासमधला चहा पितो आणि जातो. आमटी गरम करायला त्याला सांगावं, हे आपल्या तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

काल त्याला फोन केला. म्हणाला, मला कुठं स्वयंपाक येतोय? गॅस पेटवता येतो का विचारलं, तर येतो म्हणाला. मग उद्यापासून पेटव, एवढंच सांगून फोन ठेवला.

रागाव, पण आपलं म्हण.
तुझी,
ऐश्वर्या